ओटीपी एजंटनेच वाचला, एजंटनेच भरला

तुमच्या सांगण्यावरून ब्राउझरमध्ये स्वतः क्लिक करणारा, फॉर्म भरणारा, पैसे देणारा एआय एजंट तुम्ही वापरत असाल किंवा वापरायचा विचार करत असाल, तर हे जरूर वाचा. गेल्या हिवाळ्यात आमच्या घरात जे घडलं ते लिहिते आहे. पैसे मामेभावाचे गेले. हे लोकांपर्यंत पोचावं असं माझ्यापेक्षा त्यालाच जास्त वाटतं, म्हणून त्याच्या संमतीनेच सगळं सांगते.

मामा-मामींना सोमनाथ-द्वारकेला जायचं होतं, सोबत आम्ही सगळे. सोमनाथला ट्रस्टची स्वतःची अतिथिगृहं आहेत: सागर दर्शन, लीलावती, माहेश्वरी. मामांचा आग्रह होता की उतरायचं तर तिथेच. मामेभावाने कामाच्या गडबडीत एजंटला सांगून टाकलं की सोमनाथ ट्रस्टच्या गेस्ट हाउसमध्ये या तारखांना चार खोल्या बघ आणि बुकिंग पूर्ण कर. क्रेडिट कार्ड ब्राउझरमध्ये साठवलेलं होतंच, सीव्हीव्ही त्याने सूचनेत लिहून दिला आणि तो मीटिंगला गेला.

सर्चच्या निकालांत सगळ्यात वर एक जाहिरात होती. एजंट तिच्यावरून आत गेला. ते पान मी नंतर पाहिलं. मंदिराचा फोटो, खोल्यांचे फोटो, भाड्याचा तक्ता, आरतीच्या वेळा, सगळं जागच्या जागी. पत्ता तेवढा वेगळा. ट्रस्टचं अधिकृत संकेतस्थळ सोमनाथ डॉट ओआरजी आहे; या पत्त्यात सोमनाथच्या पुढे ‘बुकिंग’ आणि आणखी काहीबाही जोडलेलं होतं. अशा बनावट साइट्सबद्दल केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्येच जाहीर इशारा दिला होता. केदारनाथचं हेलिकॉप्टर, चारधामची हॉटेलं आणि सोमनाथचं अतिथिगृह यांच्या नावाने खोट्या साइट्स काढल्या जातात, त्यांच्या जाहिराती सर्चमध्ये पैसे देऊन वर आणल्या जातात, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं.

एजंटने ९,६०० रुपयांचं पेमेंट सुरू केलं. बँकेने ओटीपी पाठवला, मोबाइलवर आणि ईमेलवरही. मेल त्याच ब्राउझरमध्ये लॉग-इन केलेलं होतं. एजंट मेलच्या टॅबमध्ये गेला, सहा आकडे उचलले, परत येऊन भरले. पैसे गेले.

मग पानावर मजकूर आला: आपले पेमेंट सिस्टिममध्ये नोंदले गेले नाही, कृपया पुन्हा भरा, आधीची रक्कम २४ तासांत आपोआप परत मिळेल. ही युक्ती फार जुनी आहे. माणसंही तिला फसतात. पण माणसाच्या हातात फोन असतो, त्यावर पैसे वजा झाल्याचा मेसेज आलेला असतो, शेजारी बसलेली बायको तरी म्हणते की थांब जरा, आधी तिथे फोन करून बघ. एजंटने काय केलं ते त्याच्याच कामाच्या नोंदीत लिहिलेलं सापडलं: पेमेंट नोंदले गेले नाही असे पानावर दिसते, त्यातील सूचनेप्रमाणे पुन्हा पेमेंट करत आहे. पुन्हा ९,६००, पुन्हा मेलमधून ओटीपी. त्यानंतर ‘परत मिळणारी अनामत’ म्हणून २०,०००. तीही भरली.

मामेभाऊ मीटिंगमधून बाहेर आला तेव्हा मोबाइलवर बँकेचे मेसेज एकाखाली एक पडलेले होते. त्याने लगेच कार्ड बंद केलं आणि सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर फोन लावला. या हेल्पलाइनवर जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे वाटेत अडवण्याची शक्यता जास्त. त्याचे शेवटचे वीस हजार असेच अडवता आले. आधीचे १९,२०० गेले ते गेले.

खरा मनस्ताप पुढे झाला. बँकेचं उत्तर आलं की ओटीपी बरोबर भरला गेला आहे, सबब व्यवहार ग्राहकानेच केला आहे. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक असं सांगतं की चूक ना बँकेची ना ग्राहकाची असेल आणि कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर भार नाही. पण ग्राहकाने स्वतःच गोपनीय माहिती दुसऱ्याला दिली असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. आता एजंट हा ‘दुसरा’ की ग्राहकाचाच हात? हे परिपत्रक लिहिलं गेलं तेव्हा असलं काही अस्तित्वातच नव्हतं. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे, असंही त्याच परिपत्रकात आहे. त्यावर बोट ठेवून मामेभावाने रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार केली आहे. निर्णय अजून यायचा आहे.

ब्राउझर कोणत्या कंपनीचा होता हे मुद्दाम लिहीत नाही, कारण ते नाव टाळून दुसरा घेतला म्हणजे धोका टळला असा समज व्हायला नको. अडचण या सगळ्यांच्याच मुळाशी आहे. तुम्ही दिलेली सूचना आणि समोरच्या पानावरचा मजकूर, दोन्ही भाषा मॉडेलकडे, म्हणजे एजंटच्या आतल्या मजकूर वाचून काय करायचं ते ठरवणाऱ्या एआयकडे, शब्दांच्या एकाच ओघात पोचतात. यातलं मालकाचं कुठलं आणि परक्याचं कुठलं, हे त्याला खात्रीने वेगळं करता येत नाही. पानावर कोणी आज्ञा लिहून ठेवली, तर ती तुमचीच समजून ते पाळू शकतं. याला ‘प्रॉम्प्ट इंजेक्शन’ म्हणतात. सायमन विलिसन या प्रोग्रामरने सप्टेंबर २०२२ मध्ये हे नाव दिलं.

ऑगस्ट २०२५ मध्ये ब्रेव्ह या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीच्या संशोधकांनी पर्प्लेक्सिटी या एआय कंपनीच्या कॉमेट ब्राउझरवर प्रयोग करून दाखवला. रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावरच्या एका प्रतिक्रियेत त्यांनी सूचना दडवून ठेवल्या. वापरणाऱ्याने फक्त ‘या पानाचा सारांश दे’ म्हटलं. एजंटने त्या दडवलेल्या सूचना पाळून जीमेलमधला ओटीपी वाचला आणि रेडिटवर त्या प्रतिक्रियेखालीच उत्तर म्हणून लिहून टाकला. त्याच महिन्यात अँथ्रॉपिक या एआय कंपनीने आपल्या क्लोड या एआयचं क्रोम ब्राउझरला जोडायचं एक्स्टेन्शन मोजक्या लोकांना दिलं आणि स्वतःच्या चाचणीचे आकडेही छापले: संरक्षणाशिवाय प्रॉम्प्ट इंजेक्शनचे २३.६ टक्के हल्ले यशस्वी, संरक्षण घातल्यावर ११.२ टक्के. ऑक्टोबरमध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयचा अ‍ॅटलस ब्राउझर आला तेव्हा त्या कंपनीच्या सुरक्षा प्रमुखांनीही हा प्रश्न सुटलेला नाही असं जाहीरपणे लिहिलं. बनवणारे हे उघड सांगत असताना आपल्यापर्यंत पोचतात त्या जाहिराती मात्र ‘तुम्ही आराम करा, तो तिकीट काढेल’ एवढंच सांगतात. याची मला चीड येते.

आमच्या प्रकरणात तर दडवलेलं काहीच नव्हतं. साध्या, ठळक अक्षरांत लिहिलेली थाप होती, ती पुरली. आपल्याकडे पैशाच्या व्यवहाराची सगळी भिस्त एका क्षणावर आहे: फोनवर आकडे येतात, आपण ते वाचतो, रक्कम बघतो आणि मग भरतो. मेल उघडं असलेला ब्राउझर एजंटच्या ताब्यात दिला की तो क्षणच निघून जातो. मग ओटीपी असून नसल्यासारखा.

मामेभावाने आता बँकेच्या सेटिंगमध्ये जाऊन ओटीपी ईमेलवर येणं बंद केलं आहे. सगळ्या बँकांत ही सोय नाही. नसेल तर बँकेला लेखी विचारा. कार्डाची ऑनलाइन मर्यादा त्याने पाच हजारांवर आणली आहे, गरज पडली की तेवढ्यापुरती वाढवतो. एजंटसाठी ब्राउझरचं वेगळं प्रोफाइल आहे. त्यात मेल नाही, बँक नाही, साठवलेलं कार्ड नाही, व्हॉट्सअ‍ॅप वेब नाही. मोबाइलचे मेसेज संगणकावर दाखवणारी सोयही त्यात उघडायची नाही, कारण तिथेही ओटीपी दिसतोच. त्या प्रोफाइलमध्ये एजंटने गाड्यांच्या वेळा शोधाव्यात, हॉटेलांची तुलना करावी, खुशाल. पैसे भरायची वेळ आली की पत्ता स्वतः टाइप करायचा आणि कार्ड स्वतः काढायचं.

घरात कोणी वयस्कर माणसाला असा एजंट ‘सोयीचा आहे’ म्हणून बसवून दिला असेल, तर आजच त्या ब्राउझरमध्ये काय काय लॉग-इन आहे ते बघा. आणि पैसे गेलेच, तर बँकेच्या शाखेत चकरा मारण्याआधी १९३० लावा, मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार नोंदवा. एजंटच्या कामाची नोंद पुसली जाण्याआधी तिचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. बँकेला आणि पोलिसांना दाखवायला आमच्याकडे तोच काय तो पुरावा होता.