विंगेतून: गॅदरिंग की बालनाट्य स्पर्धा?

शाळेतल्या मुलाने पडद्यामागे राहून रंगमंच सांभाळायला कुठे शिकावं, गॅदरिंगला की बालनाट्य स्पर्धेत? गॅदरिंगला रंगमंच सांभाळणं म्हणजे लग्नघाईच. एका संध्याकाळी पंधरा-वीस कार्यक्रम. कोळीनृत्याची मुलं उतरायच्या आत पुढच्या नाटुकल्याचं सिंहासन लावायचं, फेटा हरवला तर दुसऱ्या कुणाच्या डोक्यावरचा काढायचा. चुकलं तरी पालक टाळ्या वाजवतात.

सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या राज्य बालनाट्य स्पर्धेत समोर परीक्षक असतात. नाटक एकच, पण वेळ मोजलेली. म्हणून तालमीच्या वर्गातच खडूने रंगमंच आखायचा आणि सेट लावण्याचीही तालीम करायची: कोणती लेव्हल (उंचीसाठीचा चौथरा) कुणी, कोणत्या विंगेतून (रंगमंचाच्या बाजूच्या आडोशातून) न्यायची. संहितेच्या समासात प्रकाश-संगीताच्या खुणा पेन्सिलीनेच करायच्या, कारण दिग्दर्शक बाई त्या रोज बदलतात. प्रॉपर्टीचं, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तूंचं, टेबल असं मांडायचं की ब्लॅकआउटमध्येही हाताला नेमका कप लागावा. खुर्चीच्या जागी रेडियमची पट्टी चिकटवायला विसरलात, तर खुर्ची वीतभर सरकते आणि राजा अंधारात बसून संवाद म्हणतो.

माझं मत विचाराल तर पाचवी-सहावीत गॅदरिंग; गोंधळात डोकं शांत ठेवणं तिथेच जमतं. पुढे स्पर्धाच. तिथे नाटक सुरू करणारी तिसरी घंटा तुमच्या इशाऱ्याशिवाय होत नाही, आणि शिक्षकसुद्धा विंगेत हळू आवाजात विचारतात, ‘देऊ का रे?’