‘ख्रिसमस रोझ’ म्हणून गळ्यात मारलेला एरंड

घोडबंदर रोडला राहताय आणि बाल्कनीत ऊन येत नाही? मग ‘हेलेबोर म्हणजेच ख्रिसमस रोझ, सावलीत फुलणारं, डिसेंबर ते मार्च बहर, थेट हॉलंडहून’ हा मेसेज तुमच्याही सोसायटीच्या ग्रुपवर आला असेल. आमच्या बिल्डिंगमधल्या चौघींनी रोपं मागवली. कुंडीमागे 650 रुपये, तेही आधी, क्यूआर कोडवर.

रोपं दिसायला झकास. पंजासारखी दातेरी पानं, लालसर देठ. ठाण्यात एवढी थंडी कुठून आणायची, असं विचारलं तर उत्तर तयार: रोज सकाळी मातीवर बर्फाचे चार खडे ठेवा. शेजारच्या काकूंनी फ्रीजमधला एक ट्रे खास झाडासाठी राखून ठेवला होता! जानेवारीत झाड कमरेला लागलं, कळीचा पत्ता नाही. फोन केला की आज हे खत, उद्या ते खत, नुसतं एरंडाचं गुऱ्हाळ. शेवटी सोसायटीच्या माळीदादांनी एक पान उलटं करून पाहिलं आणि हसायलाच लागले. “ताई, हा एरंड आहे. कळव्याला रुळांच्या कडेला हवा तेवढा मिळेल.”

फरक एकदा बघून ठेवा. एरंडाचा देठ पानाला कडेशी नाही, आतल्या बाजूला चिकटलेला असतो, छत्रीच्या दांड्यासारखा. हेलेबोरच्या पानाचे भाग देठाच्या टोकापर्यंत सुटे असतात, पानं थेट जमिनीतून येतात आणि झाड जेमतेम फूट-दीड फुटाचं राहतं. मुळात हे युरोप आणि तुर्कस्तान-काकेशसकडचं थंडीतलं झाड. बी रुजायलाच आधी उबदार आणि मग थंड असे महिने लागतात, फूल यायला त्यापुढे दोन-तीन वर्षं. आपला दमट उन्हाळा आणि जून-जुलैचा पाऊस त्याला झेपणार नाही, बर्फाचे खडे ठेवा नाहीतर एसीत झोपवा.

जाहिरातीतल्या फोटोत फुलं गडद निळी होती. हेलेबोर पांढरं, गुलाबी, हिरवट, पिवळं, अगदी काळपट जांभळंही असतं, निळं नसतं. आणि ‘लहान मुलांना पूर्ण सुरक्षित’ हे तर धडधडीत खोटं, कारण हेलेबोर विषारी आहे. एरंडाच्या बिया तर त्याहून वाईट, म्हणून झाडं बी धरायच्या आत उपटली. हॉलंडहून आणलेल्या रोपाला आयात परवाना आणि तिकडचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. ते मागितलं, त्या दिवसापासून फोन बंद.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून आलेले नाहीत. पैसे गेल्याचं लक्षात आलं की लगेच तिथे फोन करा, उशीर झाला की रक्कम पुढे सरकते. थंडीत फुलंच हवी असतील तर थोड्या उजेडाच्या कोपऱ्यात कोरांटी लावा, अबोली लावा.

सध्या तोच मजकूर, तोच कुंडीचा फोटो खारघरच्या ग्रुपवर फिरतोय. यंदा नाव ट्युलिप आहे.