सोडियम स्टीअरिल फ्युमरेट: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

लोटे-परशुरामच्या पट्ट्यात एका छोट्या प्लांटमध्ये मी गोळ्यांचं प्रॉडक्शन बघतो. तोंडात विरघळणाऱ्या एका गोळीत आम्ही मॅग्नेशियम स्टीअरेटच्या जागी सोडियम स्टीअरिल फ्युमरेट घेतलं, त्यावर आता अख्खा पावसाळा गेला. दोन्ही लुब्रिकंट, म्हणजे दाबलेली गोळी साच्यातून सहज सुटावी म्हणून मिश्रणात घालायच्या पावडरी.

मॅग्नेशियम स्टीअरेट वाईट नाही. स्वस्त आहे, कुठेही मिळतं, अर्ध्या-पाऊण टक्क्यात डायच्या, म्हणजे गोळीच्या साच्याच्या, भिंतीचं घर्षण उतरवतं. आमच्या बाकीच्या गोळ्यांत आजही तेच आहे. पण त्याचे कण पापुद्र्यांसारखे. ब्लेंडर फिरत राहिला की ते सुटे होतात आणि ग्रॅन्युलवर (गोळीच्या मिश्रणाच्या दाण्यांवर) पाणी दूर ठेवणारा थर चढत जातो. मग हार्डनेस घसरते आणि गोळी विरघळायला वेळ लावते. गोळीत भराव म्हणून डायकॅल्शियम फॉस्फेट असेल तर ते दाबाखाली फुटतं, नवे कोरे पृष्ठभाग उघडे पडतात, म्हणून तिथे हा त्रास कमी. मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज हा दुसरा भराव मात्र फुटत नाही, चेपतं. थर तसाच राहतो. आमच्या गोळीत सेल्युलोज आणि मॅनिटॉल, म्हणजे दुखणं नेमकं तिथेच. त्यात मॅग्नेशियम स्टीअरेटचा पुरवठादार बदलला की कणांचा आकार आणि पृष्ठभाग बदलतो, आणि तीच वेळ, तेच प्रमाण ठेवूनही निकाल वेगळा येतो.

फ्युमरेटने मला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वेळेची धास्ती गेली. शिफ्ट बदलताना ब्लेंडिंग थोडं लांबलं तरी हार्डनेस जागेवर राहते. डिसइंटिग्रेशन, म्हणजे गोळीचं पाण्यात सुटणं, पहिल्या बॅचपासूनच सुधारलं. रुग्णाच्या जिभेवर गोळी पटकन सुटायला हवी, गिळायला त्रास होणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठीच ती आहे, त्यामुळे हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

प्रमाण मात्र वाढवावं लागलं. आधीच्या पाऊण टक्क्यावर इजेक्शन फोर्स, म्हणजे गोळी डायमधून बाहेर ढकलायला लागणारा जोर, चढाच राहिला. दीड टक्क्याला मशीन शांत चालली. शिफारस अर्धा ते दोन टक्क्यांची असते, त्यात हे बसतं. चाळून घालणं इथेही चुकत नाही, आम्ही ६० मेशची बारीक चाळणी वापरतो. किलोचा दर मॅग्नेशियम स्टीअरेटच्या कितीतरी पट आहे, वर प्रमाणही जास्त. खर्च झोंबतो.

आता कोकणातला खरा प्रश्न. जुलैत बाहेरची हवा ओली चिंब असते आणि डीह्युमिडिफायर जरा दमला की पंचच्या, म्हणजे गोळी दाबणाऱ्या दांड्याच्या, कोरीव अक्षरांत पावडर अडकते. याला लुब्रिकंट बदलणं हे उत्तर नाही. डायच्या भिंतीचं घर्षण वेगळं, पंचच्या तोंडाला चिकटणं वेगळं. चिकटणं थांबलं ते ग्रॅन्युलचा ओलावा दर बॅचला तपासून आणि पंचला पॉलिश करून. फ्युमरेटचा त्यात वाटा थोडाच. स्टिकिंगसाठी कुणी हे विकायला आलं तर आधी आपला ड्रायर बघा.

ॲस्पिरिनवाल्यांनी तर मॅग्नेशियम स्टीअरेटपासून लांबच राहावं. त्याच्या अल्कलीपणामुळे ॲस्पिरिनचं विघटन वाढतं. तिथे स्टीअरिक ॲसिड बरं.

बदल करायचा असेल तर दिवाळीनंतर हात घाला. चेंज कंट्रोल (बदलाची कागदोपत्री मंजुरी), ट्रायल बॅचेस, डिसोल्यूशनची (औषध द्रवात उतरण्याच्या वेगाची) तुलना, मग ४० अंश सेल्सियस आणि ७५ टक्के आर्द्रतेवरची सहा महिन्यांची स्टॅबिलिटी, म्हणजे गोळी टिकते का याची चाचणी. एवढं उरकेपर्यंत पुढचा मृग लागलेला असतो.