आईची रक्त पातळ करायची गोळी (असेनोकुमारोल), आमचा अनुभव

आईचा हृदयातला मायट्रल व्हॉल्व बदलून धातूचा बसवला, ऑपरेशन गोव्यात बांबोळीला झालं, तेव्हापासून ही गोळी घरात आहे आणि जन्मभर राहणार. स्ट्रिपवर कधी असेनोकुमारोल लिहिलेलं असतं कधी निकोमालोन, औषध एकच. वॉरफरिन नावाच्या रक्त पातळ करायच्या जुन्या गोळीच्याच जातीची, फक्त शरीरातून त्याच्यापेक्षा लवकर निघून जाते. गोळी स्वस्त आहे, फोंड्यात कुठल्याही फार्मसीत मिळते, काम चोख करते. पण आयएनआर टेस्ट (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघायची) वेळेवर करायची तयारी नसेल तर नुसती गोळी गिळून काही उपयोग नाही, आणि हे डिस्चार्जच्या गडबडीत कोणी नीट बसून सांगत नाही म्हणून एवढं लिहितेय.

आपलं लिव्हर व्हिटॅमिन के वापरून रक्त गोठवणारे काही घटक बनवतं, २, ७, ९ आणि १० नंबरचे. एकदा वापरलेलं व्हिटॅमिन के शरीर परत कामाला लावतं, ही गोळी नेमकं तेच अडवते. पण आधीचे तयार घटक रक्तात फिरतच असतात ना, ते संपेपर्यंत काही दिवस जातात, म्हणून सुरुवातीला गोळीच्या जोडीला पोटात हेपॅरिनची (तेही रक्त पातळ करतं, पण लगेच) इंजेक्शनं पण चालू होती. मावशीला कोणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलं की हे उंदराचं औषध आहे. खोटं नाही, वॉरफरिन १९४८ च्या सुमारास उंदीर मारायलाच बाजारात आलं आणि १९५४ ला माणसांसाठी मंजूर झालं, पण आई म्हणाली उंदीर काय आयएनआर करून खातात काय, विषय संपला.

आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा. गोळी न घेणाऱ्याचा १ च्या आसपास असतो, आईचा डॉक्टरांनी २.५ ते ३.५ मध्ये ठेवायला सांगितलाय. खाली गेला तर व्हॉल्ववर गुठळी व्हायची भीती, ती मेंदूत गेली तर लकवा, वर गेला तर रक्तस्त्राव. गोळी संध्याकाळी घ्यायची, कारण सकाळी रक्त दिलं की दुपारपर्यंत रिपोर्ट येतो आणि डोस बदलायचा असला तर त्याच दिवशी बदलता येतो. आमच्याकडे कालनिर्णयच्या चौकटीत रोजचा डोस लिहिलेला असतो, एक दिवस २ एमजी एक दिवस ३, घेतली की आई पेनाने टिक मारते. कधी राहिलीच तर त्याच दिवशी आठवलं तरच घ्यायची, दुसऱ्या दिवशी डबल अजिबात नाही.

खरी कटकट जेवणाची. एरवी घरात नुस्तं (मासे) असतं पण श्रावणात ते बंद आणि रोज पालेभाजी, तायकिळो, अळू, तांबडी भाजी, अष्टमीला शेवग्याचा पाला, त्या वेळी आयएनआर १.६ वर उतरला. सगळ्यांनी सल्ला दिला भाजी बंद करा, डॉक्टर म्हणाले बंद नको, बाराही महिने साधारण सारखी खा, आम्ही तुमच्या जेवणावर डोस बसवतो. हे मला फार पटलं.

औषधांचं पण तसंच. गुडघा दुखतो म्हणून आई पेनकिलर आणायला गेली तर आमच्या फार्मसीवाल्याने व्हॉल्वची गोळी चालू आहे म्हणून सरळ नाही म्हटलं, पॅरासिटामॉल दिली आणि ती पण रोज रोज खाऊ नका, आकडा वर जातो म्हणाला. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनने पोटात रक्तस्त्राव होऊ शकतो. जुलाबावर सर्रास घेतात ती मेट्रोनिडाझोल आणि फंगसची फ्लुकोनाझोल आयएनआर भराभर चढवतात. काळी शी, न थांबणारा घोळणा, डोक्याला मार लागला तर वाट बघत बसायचं नाही, हॉस्पिटल गाठायचं.

शेजारचे काका अपिक्साबान ही रक्त पातळ करायची नवीन गोळी घेतात, टेस्ट नाही, भाजीचं बंधन नाही, ते बघून आईला पण तीच हवी होती. पण त्यांचे ठोके अनियमित आहेत, व्हॉल्व धातूचा नाही. धातूच्या व्हॉल्वला या नवीन गोळ्या चालत नाहीत, त्यातल्याच डॅबिगट्रानची तशी चाचणी घेतली होती ती मध्येच थांबवावी लागली, गुठळ्या पण जास्त आणि रक्तस्त्राव पण जास्त. शिवाय महाग आणि दिवसातून दोनदा.

गोळीला माझ्याकडून ४ स्टार. एक कापला तो स्ट्रिपसाठी, आमच्याकडे येतात त्या वेगवेगळ्या एमजीच्या स्ट्रिपा दिसायला जवळपास सारख्या, गोळी तांदळाएवढी आणि अक्षरं त्याहून बारीक. मी २ वाल्यांवर लाल मार्करने रेघ मारून ठेवते.