सांगलीचा आनंदमेळा: आधी खालनं बघा, मग वर बसा

सांगलीत सध्या लागलेल्या आनंदमेळ्याला पोरांना न्यावं का, असं गल्लीत बरेच जण विचारतायत. खुशाल न्या. पाळणे धड आहेत आणि चालवणारी माणसं जबाबदार आहेत. माझी तक्रार आहे ती खाण्याच्या स्टॉलबद्दल, आणि ती लहान नाही.

माझी सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपात, ब्रेकच्या कामात गेली. त्यामुळं कुठलंही खेळणं मी आधी खालनं बघतो. नात तिकिटाच्या खिडकीकडं हात ओढत होती, तरी ड्रॅगन ट्रेनच्या कठड्याशी वाकून मी चाकं पाहिलीच. रुळावर एक चाक, बाजूला एक आणि रुळाच्या खाली एक. हे खालचं चाक सगळ्यात मोलाचं. उंचवट्यावरनं जोरात जाताना डबा उचलला जायला बघतो, तेव्हा तेच त्याला रुळाशी धरून ठेवतं. जॉन मिलर या अमेरिकन कारागिरानं १९१९ साली त्याचं पेटंट घेतलं. इथल्या डब्याची खालची चाकं मोकळी फिरत होती, ग्रीस ताजं होतं, नट सुटू नयेत म्हणून त्यांना स्प्लिट पिना होत्या. मग मी तिकीट काढलं.

न्यूयॉर्कच्या समुद्रकाठी कोनी आयलंड म्हणून जागा आहे. मुलगा तिकडं होता तेव्हा बघून आलो आणि तेव्हापासनं तिच्या इतिहासाचा नाद लागला तो लागलाच. आपल्या जत्रांत दिसणारी बरीच खेळणी तिथं वाढली, सुधारली. १८८४ साली लामार्कस थॉम्पसननं तिथं घसरगाडी सुरू केली. वेग ताशी सहा मैल, तिकीट पाच सेंट. गाडी एका टोकाला पोचली की लोक उतरायचे, नोकर ती ढकलून वर चढवायचे, मग परतीचा प्रवास. १९२७ मध्ये तिथंच सायक्लोन नावाची रोलर कोस्टर आली. पहिला उतार ८५ फुटांचा, वेग ताशी साठ मैलांपर्यंत. ती आजही चालू आहे. साखळी गाडी वर ओढत असते तेव्हा खालनं कट्‌कट्‌ आवाज येत राहतो. बसलेले लोक त्या आवाजानं घाबरतात, मला मात्र धीर आला. साखळी तुटलीच तर गाडी मागं येऊ नये म्हणून बसवलेल्या दातांचा तो आवाज. त्या कामातही मिलरचा मोठा हात. आणि ब्रेक? अजून माणूस उभा राहून लांब दांडे ओढून लावतो. गाडीतल्या लोकांपेक्षा मी त्याच्या हाताकडंच बघत बसलो होतो.

तसलाच हात मला इथं आकाशपाळण्यावर दिसला. पाळणा भरताना पोरगा ओळीनं माणसं बसवत नव्हता. एक पाळणा भरला की चाक अर्धं फिरवून समोरचा भरायचा, म्हणजे दोन्ही अंगाला वजन सारखं. माझ्या पुढं एक धिप्पाड गृहस्थ होते, त्यांना तो म्हणाला, “काका, तुम्ही जरा थांबा, पुढच्या पाळण्यात बसवतो.” ते चिडले, पण त्यानं ऐकलं नाही. बरोबर केलं. वजन एकीकडं झुकलं की ब्रेकवर ताण येतो, लायनर झिजतो, आणि भरलेलं चाक थांबवताना घसरतं. ड्युटीवर असा एक माणूस असला की मला रंगरंगोटी जुनी असली तरी चालते.

मालकांना मी विचारलं, लाईट गेली तर वर अडकलेल्यांचं काय? विचारायला कारण होतं. कोनी आयलंडवर १९२० पासनं वंडर व्हील नावाचं आकाशपाळण्याचं चाक उभं आहे, दीडशे फूट उंच, २४ डबे. १९७७ च्या जुलैत न्यूयॉर्कची वीज गेली तेव्हा ते चाक हातानं फिरवून लोकांना खाली आणलं होतं. मालक म्हणाले, “आबा, जनरेटर दोन आहेत. दोन्ही बसले तर पोरं हातानं फिरवून उतरवतात.” आणि नुसतं सांगून थांबले नाहीत, ब्रेक सोडून रिकामं चाक दोन पोरांकडनं फिरवून दाखवलं.

आता तक्रार. भजी आणि पावभाजीच्या स्टॉलचे सिलिंडर कापडी कनातीला अगदी चिकटून ठेवलेत. वरनं दिव्यांच्या माळांच्या वायरी गेल्यात, काही ठिकाणी नुसती चिकटपट्टी गुंडाळलेली. आग विझवायचं एकच नळकांडं दिसलं, तेही गेटवर. असल्या जागांचा खरा वैरी आगच आहे. कोनी आयलंडवर जॉर्ज टिल्यूनं १८९७ साली स्टीपलचेस पार्क काढलं, ते १९०७ साली जळलं. त्यानं जळकं मैदान बघायलाही दहा सेंट तिकीट लावलं आणि पार्क पुन्हा उभं केलं. तिथलंच लूना पार्क १९०३ साली लाखो विजेच्या दिव्यांनी उजळलं, १९४४ च्या आगीनं संपलं. आणि तिथलंच तिसरं पार्क, ड्रीमलँड? १९११ चा मे महिना, हंगाम सुरू व्हायची पहाट. एका खेळाच्या पाण्याची गळती बंद करायला गरम डांबर वापरत होते, तिथनं आग लागली. इमारती लाकडी पट्ट्यांवर गिलावा केलेल्या. सकाळपर्यंत सगळं पार्क राख. ते परत कधी बांधलं गेलं नाही.

त्या ड्रीमलँडमध्ये काचेच्या पेटीत बाळं होती. मार्टिन कूनी नावाचा माणूस दिवस न भरलेली बाळं इनक्यूबेटरमध्ये ठेवून लोकांना तिकिटावर दाखवायचा. बाळांच्या आईबापांकडनं एक पैसा घ्यायचा नाही, नर्सा आणि दुधाचा खर्च तिकिटातनं निघायचा. तेव्हा बहुतेक दवाखान्यांत अशा बाळांची सोयच नव्हती. १९०३ पासनं चाळीस वर्षं त्यानं कोनी आयलंडवर हे चालवलं, आणि साडेसहा हजारांच्या आसपास बाळं वाचवली असं सांगतात. पोरं तमाशासारखी मांडली म्हणून तेव्हाही त्याला नावं ठेवणारे होते. मी ठेवणार नाही. माझी नात सातव्या महिन्यात झाली, काचेच्या पेटीबाहेर आम्ही रात्री जागून काढल्यात. ड्रीमलँडच्या आगीतनं ती सगळी बाळं सुखरूप बाहेर काढली होती, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो.

म्हणून मालकांना हात जोडून सांगून आलो: सिलिंडर कनातीपासनं लांब हलवा, प्रत्येक स्टॉलला वाळूच्या दोन बादल्या ठेवा, उघड्या वायरी बदलून घ्या. मान डोलावली त्यांनी. पुढच्या खेपेला जाईन तेव्हा बघीनच.

बाकी हिशोब असा. गेटला ५० रुपये, आत प्रत्येक खेळण्याला ८० ते १००. चौघांच्या घराला सहज हजार लागतात. लहानांसाठी ड्रॅगन ट्रेन आणि मिकी माऊसची उड्या मारायची गादी बास. ब्रेक डान्स नावाच्या गरगर फिरणाऱ्या खेळण्यात मोठ्यांनी पोटभर खाऊन बसू नये. कोलंबसमध्ये, म्हणजे झुलणाऱ्या जहाजात, मधल्या ओळीत बसलात तर झोका कमी लागतो, पहिल्यांदा बसणाऱ्यांनी तिथंच बसावं, आणि आडवा दांडा नीट अडकला का ते स्वतः हलवून बघावं. रविवारी गर्दीत पाळण्यावरच्या पोरांना घाई होते, मधल्या वारी सातच्या आत जा. मौत का कुआँ बघायला लहानग्यांना वर चढवू नका, सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलींचा आवाज त्यांच्या कानांना सोसत नाही.