कलम १६४ की कलम १६६? अपघातात जखमी झालेल्याने सही करण्याआधी

प्लास्टर अजून निघालेलं नसतं आणि विमा कंपनीकडून फोन येतो: अडीच लाख देतो, कोर्टकचेरीच्या भानगडीत पडू नका. काम बंद, दवाखान्याचं बिल समोर. नाही म्हणायला जीव होत नाही. तरी एक प्रश्न विचारून घ्यावा: हे पैसे कोणत्या कलमाखाली देताय?

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि भरपाईचा भाग १ एप्रिल २०२२ पासून बदलला. आता जखमी माणसापुढे दोन मुख्य वाटा आहेत. कलम १६४ मध्ये चूक कोणाची हे सिद्ध करावं लागत नाही. गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख, रक्कम ठरलेली. कलम १६६ मध्ये मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करायचा, समोरच्या चालकाचा हलगर्जीपणा दाखवायचा आणि आपलं नुकसान कागदांनिशी मांडायचं. तिथे रकमेला वरची मर्यादा नाही.

खरी गोम १६६ च्या परंतुकात, म्हणजे कलमाला जोडलेल्या अटीत आहे. कलम १४९ च्या, म्हणजे विमा कंपनीच्या प्रस्तावावरून होणाऱ्या, तडजोडीतून १६४ ची रक्कम स्वीकारली की न्यायाधिकरणातला दावा संपतो. ‘आता हे घेऊ, बाकीचं नंतर बघू’ असं होत नाही. जुन्या कायद्यात कलम १४० खाली हंगामी रक्कम मिळायची आणि ती पुढे अंतिम भरपाईतून वळती व्हायची. ते कलम आता राहिलेलं नाही, पण त्या काळातले जाणते नातेवाईक अजूनही तोच सल्ला देतात. सल्ला मनापासूनचा असतो, फक्त शिळा असतो.

मग कोणी काय निवडावं? दोन काल्पनिक जखमी शेजारी ठेवून बघू.

पहिल्याच्या हाताचं हाड मोडलं. उपचाराला ६०,००० लागले, तीन महिन्यांची ४५,००० कमाई बुडाली आणि हात पूर्ण बरा झाला. न्यायाधिकरण वेदना, प्रवास, सकस आहार यांचे वेगळे पैसे देतं, तरी एकूण आकडा अडीच लाखांपर्यंत पोचणं अवघड. उलट हाड मोडणं ही कायद्याच्या व्याख्येत गंभीर दुखापतच आहे, मग ती भरून आली तरीही. याने १६४ ची रक्कम घ्यावी. वर्षानुवर्षं तारखा घेऊन त्याच्या हाती जास्त काही पडणार नाही.

दुसरा ३४ वर्षांचा प्लंबर, महिन्याची कमाई १५,०००. त्याचा गुडघा आता पूर्ण वाकत नाही. न्यायालयं इथे ठरलेल्या रीतीने हिशेब करतात. वय चाळिशीच्या आत आणि धंदा स्वतःचा, म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरायचे. महिना २१,००० झाला, म्हणजे वर्षाला २,५२,०००. या वयाला गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला वयानुसार गुणायचा ठरलेला आकडा, १६. कमाईची क्षमता २० टक्के घटली असं मानलं, तर फक्त या एका शीर्षाखाली ८,०६,४०० होतात. उपचार, पुढची शस्त्रक्रिया आणि वेदना याखेरीज. यातून अपघातात त्याचीही निम्मी चूक निघाली आणि रक्कम अर्धी कापली, तरी ती चार लाखांच्या वर राहते. याने अडीच लाखांवर सही केली तर तो फसला.

हे २० टक्के डॉक्टरांच्या दाखल्यातून जसेच्या तसे येत नाहीत. दाखला त्या अवयवाचं अपंगत्व सांगतो. न्यायाधिकरण बघतं ते कमाईवर काय परिणाम झाला ते. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उदाहरणच दिलं आहे: डावा हात गेला तर चालकाची किंवा सुताराची कमाई जवळपास सगळीच जाते, सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. म्हणून प्लंबरने उकिडवं बसता येत नाही हे सांगितलं पाहिजे, आणि दाखला देणाऱ्या डॉक्टरांची साक्षही झाली पाहिजे. नुसता कागद जोडला की विमा कंपनीचे वकील त्यावरच बोट ठेवतात.

वेळेच्या बाबतीत १६४ सरस आहे, यात वाद नाही. अपघाताची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत कंपनीने प्रस्ताव द्यायचा आणि तडजोडीची नोंद हाती आल्यापासून ३० दिवसांत पैसे. १६६ च्या दाव्याला वर्षं लागू शकतात. मंजूर रकमेवर व्याज मिळतं, पण ते दावा दाखल केलेल्या तारखेच्या मागे जात नाही.

अडचण अशी की तीसाव्या दिवशी गुडघ्याचं पुढे काय होणार हे बहुतेकदा डॉक्टरांनाही सांगता येत नसतं. तेव्हा शंका असेल तर सही थांबवावी आणि १६६ चा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करावा. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नये. पोलिसांनी न्यायाधिकरणाला पाठवलेला अपघात अहवालही अर्ज म्हणून धरता येतो. तरी आपला अर्ज आपण द्यावा. तो अपघात झाला तिथेच द्यायला हवा असं नाही, राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणातही चालतो.

कागद मात्र दोन्ही वाटांना पहिल्या दिवसापासून लागतात. दवाखान्यात दाखल करताना घाईत कोणी ‘घसरून पडले’ असं सांगतं आणि केसपेपरवर तेच उतरतं. पुढे सगळा दावा त्या दोन शब्दांशी झगडत राहतो. तिथे वाहनाची धडक असंच नोंदवून घ्यावं. फिर्यादीत गाडीचा नंबर, जागेचा पंचनामा, एक्स-रेच्या फिल्म, औषधांची मूळ बिलं, कमाईसाठी बँकेच्या नोंदी, हे सगळं सांभाळावं. मेडिक्लेमला मूळ बिलं द्यावी लागली तर आधी प्रमाणित प्रती काढून घ्याव्यात.

धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही तर हा सगळा हिशेब लागू होत नाही. तिथे कलम १६१ खाली गंभीर दुखापतीला ५०,००० आणि मृत्यूला दोन लाख मिळतात.

दावा दाखल केल्यावर तडजोडीची दारं बंद होत नाहीत. लोकअदालतीत आकडा वर नेता येतो, आणि तोवर अपंगत्वाचा दाखला हातात आलेला असतो. मात्र तिथल्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून जाण्याआधी वरच्यासारखा आपला हिशेब कागदावर मांडून न्यावा.