डिस्क नसताना विंडोज परत टाकायचं: रिकव्हरी पार्टिशन की पेनड्राइव्ह?

लॅपटॉपसोबत विंडोजची डिस्क मिळालीच नाही म्हणून घाबरू नका. बहुतेक कंपन्या हार्ड डिस्कच्याच एका लपवलेल्या भागात, म्हणजे रिकव्हरी पार्टिशनमध्ये, मूळ विंडोज ठेवून देतात. लॅपटॉप सुरू होताना ठरावीक बटण दाबलं (कंपनीनुसार ते बदलतं) की काम सुरू. इंटरनेट लागत नाही, ड्रायव्हरही (वाय-फाय, आवाज वगैरे चालवणारी छोटी सॉफ्टवेअर्स) आपोआप येतात. पण कंपनीने भरलेली नको ती सॉफ्टवेअर्सही परत येतात, आणि विंडोज मिळतं ते लॅपटॉप विकत घेतला तेव्हाचं. शिवाय हार्ड डिस्कच गेली, तर हा पर्यायही तिच्यासोबत गेला.

म्हणून माझं मत पेनड्राइव्हच्या बाजूने आहे. दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल मोफत उतरवा आणि किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लावा. त्यावरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा तो रिकामा करून घ्या. टूलने त्यावर विंडोज टाकलं की लॅपटॉप त्या पेनड्राइव्हवरून सुरू करा. विंडोज ताजं आणि स्वच्छ मिळतं. प्रॉडक्ट की (विंडोजच्या परवान्याचा कोड) विचारली तर 'माझ्याकडे की नाही' निवडून पुढे जा, फक्त आवृत्ती तीच घ्या, होम असेल तर होम. विंडोज ८ पासूनच्या लॅपटॉपमध्ये की सहसा मदरबोर्डमध्येच साठवलेली असते. इंटरनेट जोडलं की ॲक्टिव्हेशन, म्हणजे परवान्याची पडताळणी, होतं. एकच अडचण येऊ शकते: वाय-फायचा ड्रायव्हर मिळत नाही. टूलचं काम झालं की तो त्याच पेनड्राइव्हवर कॉपी करून ठेवा.

दोन्हीकडे फायलींचा बॅकअप आधी, मगच बाकीचं.